साठवणीचे आजोबा

"तुम्ही इंडियाच्या ना? मग तुम्हाला सवय असेल."

हे वाक्य गेल्या उन्हाळ्यात मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की शेवटी ते मला जर्मनमध्येसुद्धा कळायला लागलं. बेकरीतली बाई म्हणाली, बसमध्ये शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, औषधांच्या दुकानातला माणूस म्हणाला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच कौतुकाचं हसू. मी जणू राजस्थानातून आणलेला उंट!

परवा तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, जर्मनीत थंडी वाजली का गं?" मी नुसतं "नाही रे" म्हणाले, कारण तुमची शाळेची बस यायची होती. खरं उत्तर मोठं आहे आणि ते सांगताना मला अजून राग येतो. म्हणून लिहूनच काढते. तिकडे कॅनडात बाबाला शेजारी बसवून वाचा. अडेल तो शब्द त्याला विचारा, मोबाइलला विचारू नका.

आधी कोण कुठे होतं ते नीट सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. तुमची आत्या आणि काका गेर्लिंगेनला राहतात. श्टुटगार्टला लागून, टेकडीच्या अंगावर वसलेलं गाव आहे. काकांचं ऑफिस तिथलंच, आत्या घरूनच काम करते. आत्याला ऑगस्टमध्ये बाळ व्हायचं होतं आणि बाळंतपणाला मी जायचं, हे तिच्या लग्नाआधीपासून ठरलेलं होतं. आजोबांची बायपास झालेली, त्यांना नागपूरला एकटं ठेवायची माझी तयारी नव्हती. म्हणून जूनमध्ये आम्ही दोघंही गेलो. सामानात डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, लंगोटांसाठी आजोबांची मऊ झालेली जुनी धोतरं आणि चांगले जाडजूड स्वेटर. स्वेटर आजोबांनी घ्यायला लावले. "युरोप आहे बाप्पा, गंमत आहे का!" म्हणाले.

घर जुनं, दगडी, देखणं. तळमजल्यावर घरमालक एकटे राहतात. त्यांच्या आजीचं घर ते. मधल्या मजल्यावरचं जोडपं सुट्टीसाठी इटलीला गेलेलं, म्हणजे उन्हातून आणखी उन्हात! आणि सगळ्यात वर, कौलांच्या पोटात, आत्या-काकांचं घर. भिंती अर्ध्यातून तिरक्या होऊन छताला मिळतात. आजोबांचं डोकं पहिल्या आठवड्यात इतक्यांदा आपटलं, की त्यांनी घरात टोपी घालायला सुरुवात केली. खिडक्या भिंतीत नाहीत, त्या तिरक्या छपरात. त्यातून आभाळ दिसतं. पहिल्या दिवशी मला ते फार आवडलं होतं.

घरमालकही मला आवडले होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कारण केरवोखे. हा शब्द पाठ करून ठेवा. त्या भागात प्रत्येक घराला पाळीपाळीने एक आठवडा जिना, तळघराच्या पायऱ्या आणि दारापुढचा रस्ता झाडावा लागतो. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक लाकडी पाटी अडकवतात. 'केर' म्हणजे त्यांच्याकडेही झाडणंच, आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. केराचा आठवडा! हा शब्द त्यांनी आपल्याकडून नेला की आपण त्यांच्याकडून आणला, यावर आजोबांनी आणि मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. आत्याला त्या पाटीचा तिटकारा. एवढं पोट घेऊन ती कुठे वाकणार? मी पाटी माझ्याकडे घेतली. पायऱ्यांचे कोपरे जुन्या टूथब्रशने काढताना घरमालकांनी मला पाहिलं. थांबले, कोपरा निरखला आणि म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे 'अगदी बरोबर'. आमच्या नागपूरच्या सोसायटीत असा एक माणूस मी वर्षानुवर्षं शोधते आहे.

मग जुलै आला.

तुम्हाला वाटेल, आजी नागपूरची, तिला उन्हाचं काय? हेच तर ते सगळे म्हणत होते! आता ऐका. नागपूरला उन्हाळ्यात सूर्य संध्याकाळी वेळेवर घरी जातो. जर्मनीत तो पहाटे उगवतो आणि रात्रीचं जेवण होऊन भांडी घासून झाली तरी खिडकीत उभा असतो. नागपूरला दार-खिडकीला कूलर असतो, डोक्यावर पंखा असतो, दुपारी फरशीवर पाणी मारता येतं. आत्याच्या घरात खाली लाकूड, वर लाकूड, मध्ये कापूस भरलेला. थंडीत ऊब बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेलं घर. ते थर्मासच की! थर्मासला काय माहीत आत बर्फ आहे की उकळता चहा? जे आत जाईल ते धरून ठेवायचं, एवढंच त्याला कळतं. त्या थर्मासात आम्ही चार माणसं होतो, त्यातलं एक पोटुशी आणि एक हृदयाचं.

पंखे घ्यायला काका तीन गावं फिरले. सगळीकडे एकच उत्तर, संपले. दुकानात हीटर होते, रांगेने मांडलेले.

एका दुपारी जेवण झाल्यावर आजोबा पाणी घ्यायला उठले आणि मध्येच खाली बसले. पडले नाहीत, बसले. फ्रिजला पाठ टेकून, स्टेशनवर उशिराच्या गाडीची वाट बघत बसावं तसे. चेहरा पांढराफटक.

"अहो! काय होतंय?"

"काही नाही," ते डोळे मिटूनच म्हणाले. "फ्रिज मस्त गार आहे."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवीची गोळी कमी केली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "यांना दिवसा गार खोलीत ठेवा. पुन्हा असं झालं तर सरळ हॉस्पिटल. या हृदयाला हे झेपणार नाही." आणि दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा, "पण इंडियात तर याहून जास्त असतं ना? तुम्हाला सवय असेल."

"इंडियात आम्ही कौलांखाली राहत नाही," मी म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला.

गार खोली! कुठे होती गार खोली? एक न्हाणीघर, त्यालाही तिरकं छप्पर. दिवसभर त्यांना दुकानांच्या एसीत नेऊन बसवा, असं काकांच्या ऑफिसातलं कोणीसं म्हणालं. माणूस आहे की पार्सल?

त्या संध्याकाळी आत्या पाय बादलीत सोडून बसली होती. पावलं सुजून टम्म झाली होती. ती म्हणाली, "आई, तू बाबांना घेऊन घरी जा."

"कुठल्या घरी?"

"नागपूरला. मी बघितलं, तिकडे पाऊस चालू आहे. इथल्यापेक्षा कितीतरी गार आहे."

आणि खरंच होतं ते. शेजारच्या वहिनींनी सकाळीच गरम भजी खातानाचा फोटो पाठवला होता, अंगावर शाल पांघरून. शाल! मला आधी हसू आलं, मग असा संताप आला. उन्हाला घाबरून जर्मनीहून नागपूरला पळायचं! हे आमच्या घराण्यात कोणी केलं नसेल.

"आणि तुझं बाळंतपण?"

"होतात गं इथे बायका बाळंत. सुईण घरी येते. तुझे जावई आहेत की."

काका स्वयंपाकघरातून म्हणाले, "हो आई, मी यूट्यूबवर बघितलंय सगळं."

"यूट्यूबवर तुम्ही पोहेसुद्धा बघितले होते," आत्या म्हणाली. हसली, पण नंतर तिने बादलीतले पाय काढले, सिंकपाशी गेली आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागली. पाठमोरी. तिला काय हवं होतं ते मला त्या पाठीवरून कळलं. मलाही तेच हवं होतं. पण आजोबांना तिथे ठेवणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. काका रात्री तिकिटं बघणार होते. मी म्हटलं, आठवडाभर थांबा. मी आधी उन्हाशी भांडून बघते.

पहिलं भांडण हरले. काकांचा एक सहकारी पुण्याहून सुट्टी संपवून येत होता. मी त्याला फोन करून छताचा पंखा आणायला सांगितला. बिचाऱ्याने आणला. पाती वेगळी, दांडा वेगळा, सगळं त्याच्या आईच्या सुती साड्यांत गुंडाळून. काकांनी खोका उघडला, मी मान वर केली आणि तेव्हा मला दिसलं. छताला हूकच नाही.

एवढं वय झालं, पण हूक नसलेलं छत मी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे घर बांधताना माणूस आधी हूक टाकतो, मग भाड्याने देतो. तिथे नुसतं पांढरं, तिरकं, पोकळ छत. घरमालकांना बोलावलं. त्यांनी छतावर बोटाने टकटक केलं, पंख्याची पाती हातात तोलून पाहिली, आत्याच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाइन." म्हणजे 'नाही'. त्यांचं इंग्रजी शाळेत शिकलेलं, इस्त्री केल्यासारखं. "एवढं लोखंड गरगर फिरणार, खाली बाळ. नाही. इलेक्ट्रिशियन येऊन बघेल." मग इलेक्ट्रिशियनला फोन झाला. टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली ऑक्टोबरातली.

"ऑक्टोबरात तो हीटर दुरुस्त करायला येऊन राहिला असेल," आजोबा अंथरुणावरून म्हणाले.

मग मी शांतपणे विचार केला. वाळ्याचे पडदे आपण खिडकीच्या आत लावतो का? बाहेर लावतो. ऊन घरात शिरल्यावर त्याला हाकलता येत नाही, त्याला उंबऱ्याबाहेरच अडवावं लागतं. खालच्या दोन्ही मजल्यांच्या खिडक्यांना बाहेरून सरकती लाकडी झडप होती. आमच्या छपरातल्या खिडक्यांना काहीच नव्हतं. मी लंगोटांसाठी आणलेली धोतरं काढली. छपरातली खिडकी उघडून धोतर बाहेरून काचेवर पसरायचं आणि त्याच्या कडा खिडकीतच दाबून ती बंद करायची. काकांनी वरचं टोक धरलं, मी खालचं. थोड्या वेळात खोली निदान तव्यावरून खाली उतरल्यासारखी वाटायला लागली.

"आई, बाहेरून बघितलं तर आपण शरण गेलोय असं वाटतंय," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन कडाक्यात, घरमालक वर आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, छपरावर कपडे वाळत घालता येत नाहीत. समोरच्या लोकांनी विचारलं. घराचं रूप बिघडतं."

"ते वाळत नाहीत. ते उन्हाला अडवताहेत."

"हो, हो, पण रस्त्यावरून ते कपडे दिसतात." आणि मग, माझी समजूत काढायला म्हणून, मऊ आवाजात, "मॅडम, तुम्ही तर इंडियाच्या. तुम्हाला याची सवय असेल."

आत्या लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. तिला माझा चेहरा माहीत आहे.

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. ते सगळं मला त्या क्षणी उपयोगी पडलं. मी म्हणाले, "साहेब, आम्हाला उन्हाची सवय नाही. आम्हाला उन्हाचा बंदोबस्त करायची सवय आहे. तो करायला तुम्ही मला हूक दिला नाहीत, झडप दिली नाहीत आणि आता धोतरही देत नाही. ते राहू दे. दारात उभं राहून बोलू नये. आत या, बसा."

"मी फक्त एवढं सांगायला..."

"बसा."

ते बसले. खिडकीखालच्या खुर्चीत, जिथे एरवी आत्या काम करायची. मी त्यांना पन्हं दिलं. कैऱ्या तिथे कुठल्या? अंगणातल्या झाडाची कच्ची आंबट सफरचंदं गळून पडली होती, ती उकडून गूळ-वेलची घालून केलं होतं. त्यांनी घोट घेतला, भुवया वर गेल्या.

"ही माझी सफरचंदं?"

"पडलेली होती. केरवोखे माझी होती."

त्यांनी निम्मा ग्लास संपवला. मी तो मुद्दामच पुन्हा भरला, म्हणजे ते आणखी बसतील. आत्या बादलीत पाय सोडून टाइप करत होती. आजोबा स्वयंपाकघराच्या फरशीवर चटई टाकून, टोपी तोंडावर घेऊन पडले होते. घरमालक आधी आत्याच्या पायांकडे बघत राहिले, मग आजोबांकडे. त्यांच्या कानशिलावरून घामाची धार निघाली आणि इस्त्रीच्या कॉलरमध्ये शिरली. वरचं बटण सोडलं. मग दुसरं.

"उन्हाळ्यात मी इथे कधी आलो नव्हतो," ते शेवटी म्हणाले. "लहानपणी यायचो. तेव्हा इथे कोणी राहत नसे. माझी आजी इथे नासपती वाळवायची."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय वाळवायची?"

"नासपती. चिरून, जाळ्यांवर पसरून. इथे फार छान वाळतात."

मुलांनो, तुम्ही कधी उन्हाळ्यात नागपूरला आला नाहीत, म्हणून सांगते. कडक उन्हात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घालतात त्याला वाळवण म्हणतात. वाळलं की डब्यात भरून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवतात, ती साठवण. वर वाळवण, खाली साठवण. आणि या माणसाने माझ्या मुलीला चक्क वाळवणाच्या गच्चीवर भाड्याने ठेवलं होतं! वर 'सवय असेल' म्हणत होता!

"मग साठवण कुठे ठेवायची तुमची आजी?"

"केलरमध्ये. तळघरात. अर्थातच."

अर्थातच! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तळघराच्या पायऱ्या मी प्रत्येक पाळीला झाडत होते. खालच्या पायरीवर पोचलं की पायाला गारवा लागायचा, आणि मी उगाच तिथे जरा जास्त वेळ झाडायची. दगडी कमानीची खोली, मातीची जमीन. तिथे घरमालकांचे गाडीचे हिवाळी टायर, सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या, जॅमच्या बरण्या, बटाटे. सगळं चिठ्ठ्या लावून, रांगेत. घरात सगळ्यात उत्तम खोली मिळाली होती ती टायरांना आणि बटाट्यांना!

"माझ्या नवऱ्याला दिवसा तिथे बसू द्या," मी म्हणाले.

त्यांनी लगेच मान हलवली. "ते शक्य नाही, मॅडम. केलर ही राहण्याची जागा नाही. नियम आहे. ती फक्त वस्तू साठवण्यासाठी."

"ठीक आहे. मग माझ्या नवऱ्याला साठवा."

आत्याने कपाळावर हात मारला. फरशीवरून टोपीखालून खिक्कन आवाज आला. आजोबा जागेच होते.

घरमालक हसले नाहीत. ते गंभीरपणे विचार करत होते. मला तर वाटतं त्यांच्या डोळ्यांपुढून सगळी नियमावली सरकत होती आणि त्यांना माझ्या वाक्यात चूक सापडत नव्हती. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"बाळ होईपर्यंत."

ते उठले, ग्लास स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवला आणि खाली गेले.

"आई!" आत्या म्हणाली. "घर काढून घेतील आपल्याकडून. या महिन्यात मी कुठे घर शोधू?"

"वाळवण काढून घेतलं तर घेऊ देत."

"तुला मस्करी सुचते. काका... अहो, तुम्ही तरी बोला!" हे तिने ऑफिसातून नुकत्याच दारात आलेल्या काकांना म्हटलं. बोलताना ती तुमच्यासारखं 'काका' म्हणून गेली, इतकी गडबडली होती. काकांना काही माहीतच नव्हतं. ते म्हणाले, "मी तिकिटं बघू की नको?"

आता मला खरोखर भीती वाटायला लागली होती. रागात माणूस बोलून जातो, पण बाळंत व्हायची ती होती, जीव होता तो यांचा. मी आजोबांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला.

"काय म्हणून राहिला होता गं तो?" त्यांनी विचारलं.

"विचार करतो म्हणाला."

"म्हणजे नाही म्हणाला."

आणि तेवढ्यात जिन्यातून खालून आवाज आला. जड काहीतरी दगडावरून ओढल्यासारखा. थांबला. पुन्हा आला. काका खाली जाऊन बघून आले, ते पायऱ्या दोन-दोन चढत.

"आई, ते टायर हलवताहेत!"

दुसऱ्या दिवसापासून आजोबा साठवणीत गेले. कमानीखाली, बाटल्या आणि जॅमच्या मधोमध, घरमालकांनी बागेतली घडीची खुर्ची टाकली होती. शेजारी दिवा, पायाखाली सतरंजी आणि हाताशी एक घंटी, काही झालं तर वाजवायला. सकाळी न्याहारी करून आजोबा खाली जायचे आणि ऊन उतरलं की वर यायचे. आणि काय सांगू, त्या गारव्यात त्यांना पहिल्याच दिवशी थंडी वाजली! मग निघाले ते स्वेटर. बाहेर सगळं गाव उघडंवाघडं फिरत होतं, आणि माझा नवरा स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून पेपर वाचत बसलेला. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की थंडी वाजली, पण तळघरात.

दुपारी घरमालकही खाली येऊन बसायला लागले. त्यांना इंग्रजी कमी, आजोबांना जर्मन शून्य. दोघं समोरासमोर बसून काही बोलायचे नाहीत.

"कंटाळा येत नाही का हो?" मी विचारलं.

"छे! तो माणूस बोलतच नाही," आजोबा समाधानाने म्हणाले. "असा शेजारी नागपूरला कुठे मिळतो?"

धोतरांचंही मिटलं. घरमालकांनी एकच अट घातली. दोन्ही खिडक्यांवर ती एकसारखी, सुरकुती न पाडता आणि काठ सरळ रेषेत येतील अशी लावायची. ही अट मला अपमानाची वाटली नाही. मी तशीच लावली असती.

तिकिटं काढायची राहिली. ऑगस्टात एका पहाटे आत्याच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि पुढचं सगळं होईपर्यंत तो तिथेच राहिला. मुलगी झाली. यूट्यूबवर सगळं बघितलेले काका बाहेरच्या बाकावर बसून होते, त्यांना सुईणीने साखर घातलेला चहा दिला.

बाळ घरी आलं आणि उन्हाची दुसरी लाट आली. तो आठवडा मी विसरणार नाही. वर ठेवावं तर वाळवण. मी बाळाला आणि बाळंतिणीला दुपारपुरतं खाली न्यायचं ठरवलं. तिथे काय दिसलं असेल? कमानीच्या मधोमध दगडात पक्का बसवलेला लोखंडी हूक. अख्ख्या घरात एकच हूक आणि तो तळघरात! पूर्वी त्याला काय टांगायचे ते मी विचारलं नाही. उत्तर मला ऐकायचं नव्हतं, आपल्या घरात अंडंसुद्धा खात नाहीत. एक मऊ धोतर मी छपरावरून उतरवलं, धुतलं आणि झोळी बांधते म्हणाले. घरमालक म्हणाले, "आज नाही. उद्या." आणि त्यांनी बटाट्यांचं एक भलं मोठं पोतं त्या हुकाला टांगून दिवसभर ठेवलं. संध्याकाळी हूक, पोतं आणि बटाटे तिन्ही तपासले. मग मला म्हणाले, "आता बाळ."

तुमची बहीण त्या झोळीत झोपली. वर गाव तापलेलं, आणि ही गोधडीत गुंडाळून, जॅमच्या बरण्यांच्या रांगेत, आजोबांच्या घोरण्याच्या तालावर. घरमालक पायरीवर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "हिला सवय झाली."

"सवय नाही," मी तितक्याच हळू म्हणाले. "बंदोबस्त."

त्यांनी यावरही विचार केला. छपरातल्या खिडक्यांना बाहेरून झडपा बसवायचं त्यांनी कबूल केलं आहे. टेर्मीन मिळाली आहे म्हणतात. कुठल्या ऑक्टोबरची, ते आजोबा दर फोनला विचारतात.